खेळण्यातली आगगाडी, प्रतिकृतीचा छंद आणि आपली छोटी रेल



आज आपण आगगाडीबद्दल बोलणार आहोत. मोठ्या रुळांवरच्या नाही, घरात टेबलावर किंवा जमिनीवर धावणाऱ्या आगगाडीबद्दल. जगात असंख्य मोठी माणसं या छोट्या गाड्या जमवतात, स्वतः तयार करतात, त्यांच्यासाठी स्टेशन, पूल, बोगदे उभारतात. याला आपण 'रेल्वे प्रतिकृतीचा छंद' म्हणू.

मार्कंड्यात बसून हा विषय कशासाठी, असं कुणाला वाटेल. तर आपल्या गडचिरोली जिल्ह्याला आतापर्यंत मिळालेलं रेल्वे स्टेशन एकच, ते म्हणजे वडसा (देसाईगंज). आपल्या गावातून गाडी पाहायची तर वैनगंगा ओलांडून मूलकडे नाहीतर पार चंद्रपूर-बल्लारशाकडे जावं लागतं. त्यामुळे चौथी-पाचवीत येईपर्यंत गाडीत न बसलेली मुलं आपल्या वर्गात असतात. पण महाशिवरात्रीच्या जत्रेतल्या दुकानावरची प्लास्टिकची आगगाडी मात्र सगळ्यांच्या ओळखीची असते. म्हणजे आपल्याकडे खरी गाडी येण्याआधी खेळण्यातली गाडी येऊन पोचलेली आहे.

आणि दुसरी गोष्ट. आपल्या भागातल्या आजी-आजोबांनी जी 'छोटी रेल' पाहिली, तिच्यातून प्रवास केला, ती आता रुळांवर राहिलेली नाही. ती फक्त त्यांच्या आठवणीत आहे. आठवण मापात उतरवली तर ती टिकते, आणि ते काम प्रतिकृती करते. आजच्या पाठात हेच समजून घ्यायचं आहे.

खेळणं आणि प्रतिकृती यांत फरक काय?

जत्रेतली गाडी बघा. इंजिन लाल, डबे पिवळे, चाकं डब्याच्या मानाने भलीमोठी. दोन खिडक्यांचा डबा. सेल टाकला की गोल गोल फिरते. ते खेळणं आहे आणि खेळणं म्हणून ते उत्तम आहे. त्याला कुणी 'तुझ्या खिडक्या मोजून दाखव' असं म्हणत नाही.

प्रतिकृती मात्र एका खऱ्या गाडीशी बांधलेली असते. खऱ्या डब्याला जितक्या खिडक्या, तितक्याच हिलाही. खरा डबा जितका लांब, त्याच्या ठरावीक पटीने लहान. इंजिनावरची अक्षरंसुद्धा बरोबर हवीत. आपल्या देशातल्या इंजिनांवर 'डब्ल्यूएपी-७' असं काहीतरी लिहिलेलं असतं ना? त्यातलं पहिलं अक्षर रुळांची रुंदी सांगतं. 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'वाय' म्हणजे मीटरगेज आणि 'झेड' म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. दुसरं अक्षर ताकद कुठून येते ते सांगतं, म्हणजे 'डी' असेल तर डिझेल आणि 'ए' असेल तर वरच्या तारेतली एसी वीज. तिसरं अक्षर काम सांगतं, 'पी' प्रवासी, 'जी' माल, 'एम' दोन्ही. आपल्या छोट्या रेलच्या डिझेल इंजिनावर 'झेडडीएम' असायचं. आता त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

थोडक्यात सांगायचं तर, खेळण्याला मनासारखं होता येतं. प्रतिकृतीला मूळ वस्तूसारखं व्हावं लागतं. आणि मूळ वस्तूसारखं व्हायचं तर आधी ती नीट पाहावी, मोजावी आणि विचारावी लागते.

छोट्या गाड्यांची मोठी गोष्ट

भारतात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली, हे तुम्हाला पाठ आहेच. युरोपात तर आगगाडी त्याच्याही आधी सुरू झाली होती, आणि तिच्या मागोमाग खेळण्यातल्या गाड्याही आल्या. पण त्या सुरुवातीच्या लाकडी-पत्र्याच्या गाड्यांना बहुतेक वेळा रूळच नसायचे. दोरी बांधायची आणि घरभर ओढायची. आपल्याकडची मुलं काडेपेट्यांची गाडी ओढतात, तशीच.

मोठा बदल झाला १८९१ साली. जर्मनीत म्यार्क्लिन नावाची कंपनी होती. १८५९ साली सुरू झालेली ही कंपनी आधी बाहुलीच्या घरातली पत्र्याची भांडीकुंडी बनवायची. तिने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली. तिच्या रुळांच्या रुंदीची मापं ठरवून दिलेली होती. म्हणजे काय झालं? आज इंजिन आणि थोडे रूळ घ्या, पुढच्या वर्षी एक डबा घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी एक सांधा घ्या. सगळं एकमेकांना बरोबर बसणार. बाहुलीच्या भातुकलीत जशी दरवर्षी एकेक भांड्याची भर पडते, तशी आता गाडीतही भर पडू लागली. खेळणं एका दिवसाचं न राहता वर्षानुवर्षं वाढणारं झालं. छंदाचं बीज इथे पडलं.

अमेरिकेत जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली लायोनेल कंपनी सुरू केली. त्यांची पहिली विजेची गाडी ही खरं तर दुकानाच्या काचेआड माल मांडण्यासाठी केलेली उघडी वाघीण होती. गिऱ्हाइकांना आतल्या मालापेक्षा ती फिरणारी वाघीणच जास्त आवडली! इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पट्ट्या आणि नट-बोल्टांच्या 'मेकॅनो' खेळाचं पेटंट घेतलं आणि १९२० मध्ये किल्लीची आगगाडी बाजारात आणली. त्या पहिल्या गाडीचे भागही नट-बोल्टांनी जोडलेले होते, म्हणजे मुलाने ती खोलून पुन्हा जोडावी अशी सोय होती. शिक्षकांनी इथे थोडं थांबून विचार करावा. शंभर वर्षांपूर्वीचं हे खेळणं मुलाला 'हात लावू नको' असं म्हणत नव्हतं.

आणि एक गंमत ऐका. अमेरिकेतल्या एमआयटी या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी रेल्वे प्रतिकृतींचा क्लब सुरू केला. त्यातली काही मुलं गाड्यांपेक्षा टेबलाखालच्या तारा आणि स्विचमध्ये जास्त रमायची. कोणती गाडी कोणत्या रुळावर न्यायची, हे टेलिफोनच्या जुन्या सुट्या भागांनी ठरवायची. पुढे त्याच मुलांच्या हाती संगणक आला आणि संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचं नाव झालं. 'खेळून काय पोट भरतं का?' असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण सांगायला हरकत नाही.

विजेची छोटी गाडी चालते कशी?

किल्लीच्या गाडीत स्प्रिंग असते. किल्ली फिरवली की स्प्रिंग गुंडाळली जाते, ती सुटू लागली की चाकं फिरतात. स्प्रिंग संपली की गाडी जिथल्या तिथे उभी.

विजेच्या गाडीत सेल नसतो, तरी ती धावते. कारण तिचे दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा असतात. एका रुळातून वीज येते, चाकातून इंजिनाच्या मोटरीत जाते आणि दुसऱ्या चाकातून दुसऱ्या रुळात परत येते. ही वीज साधारण १२ व्होल्टची असते, घरातल्या विजेसारखी धोकादायक नाही. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो. दोन तारांची अदलाबदल केली, म्हणजे धन-ऋण टोकं उलटी केली, की गाडी मागे धावते. सहावी-सातवीच्या मुलांना 'विद्युत परिपथ' शिकवताना यापेक्षा सोपं उदाहरण मिळणं कठीण. अलीकडच्या गाड्यांमध्ये इंजिनातच एक छोटी चिप असते, त्यामुळे एकाच रुळावरच्या दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात.

मापाचा खेळ

आता गणिताकडे येऊ. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रतिकृतीचं माप म्हणजे 'एचओ'. त्याचं प्रमाण १:८७. म्हणजे खरी वस्तू ८७ मिलिमीटरची असेल तर प्रतिकृतीत ती १ मिलिमीटर. या मापाच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. हा आकडा कुठून आला? युरोप-अमेरिकेत खऱ्या रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी १४३५ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागा. उत्तर येतं जवळपास १६.५. बरोबर?

पण आपलं ब्रॉडगेज १४३५ चं नाही, १६७६ मिलिमीटरचं आहे. १६७६ भागिले ८७ म्हणजे साधारण १९.३. बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे. म्हणजे आपल्या गाडीची प्रतिकृती त्या तयार रुळांवर ठेवली, तर डबा बरोबर पण खालचे रूळ जवळपास ३ मिलिमीटरने अरुंद. दिसायला किरकोळ, पण जाणकाराच्या डोळ्यात लगेच खुपतं. भारतातल्या छंदप्रेमींसमोर ही जुनी अडचण आहे. काही जण तडजोड करतात, काही जण रूळ स्वतः तयार करतात.

आता आपल्या छोट्या रेलचं बघू. तिच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ७६२ भागिले ८७ किती? साधारण ८.८. आणि बाजारात 'एन' नावाच्या दुसऱ्या मापाचे तयार रूळ मिळतात, त्यांचं अंतर असतं ९ मिलिमीटर! म्हणजे मोठ्या ब्रॉडगेजला जे तयार रूळ बसत नाहीत, ते आपल्या छोट्या रेलला जवळजवळ तंतोतंत बसतात. परदेशातले छंदप्रेमी तिकडच्या डोंगरी नॅरोगेज गाड्यांसाठी नेमकी हीच युक्ती वापरतात. जी गाडी आपल्याकडे बंद झाली, तिची प्रतिकृती करणं मापाच्या दृष्टीने सर्वांत सोपं आहे.

आपली छोटी रेल

ही छोटी रेल कोणती, ते नव्या मुलांना सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात बंगाल-नागपूर रेल्वे नावाची कंपनी होती. तिने सातपुडा आणि वैनगंगेच्या खोऱ्यात अडीच फुटी रुळांचं मोठं जाळं विणलं. मोठे रूळ टाकायला खर्च जास्त, जमीन जास्त, पूलही मोठे लागतात. जंगल-डोंगराच्या भागात अरुंद रूळ स्वस्तात होतात आणि तीव्र वळणंही घेऊ शकतात. १९०८ मध्ये गोंदियाहून नागभीडपर्यंत आणि नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडपर्यंत अशा दोन्ही बाजूंनी छोटे रूळ आले. पुढे ते चांदा फोर्टपर्यंत गेले. चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर. वडसा, सिंदेवाही, मूल ही याच वाटेवरची स्टेशनं.

गोंदिया ते चांदा फोर्ट हा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. नागपूर-नागभीड शाखा मात्र त्यानंतरही वीसेक वर्षं नॅरोगेजच राहिली. त्यामुळे त्या काळात नागभीडला एक वेगळंच दृश्य दिसायचं. एकाच स्टेशनवर एकीकडे मोठे रूळ, दुसरीकडे छोटे. गोंदियाकडून मोठ्या गाडीने यायचं, उतरायचं, बोचकं डोक्यावर घ्यायचं आणि नागपूरसाठी छोट्या गाडीत चढायचं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये रूळ रुंद करण्याच्या कामासाठी ही शाखाही बंद झाली. एकशे अकरा वर्षांचा प्रवास थांबला.

रूळ रुंद व्हायलाच हवेत, यात वाद नाही. दवाखान्यात जायला, कॉलेजला जायला, धान-मिरची बाजारात न्यायला वेगवान गाडी लागते. छोट्या रेलच्या आठवणीने डोळे ओले करणाऱ्यांनाही तिच्या उशिराचा, गर्दीचा त्रास चांगला माहीत आहे. पण जुने रूळ उचलले की त्यांच्याबरोबर बाकीच्या गोष्टीही जातात. स्टेशनची छोटी इमारत, हाताने ओढायचे सिग्नलचे दांडे, फाटकाजवळची खोली, पुठ्ठ्याचं छोटं तिकीट. या गोष्टींची नोंद कुणी ठेवली नाही तर पन्नास वर्षांनी 'नॅरोगेज म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर फक्त एका आकड्यात उरेल.

आठवण आणि माप

आमच्या गावातले एक आजोबा तरुणपणी नागभीडहून छोट्या रेलने नागपूरला जायचे. त्यांना एकदा वर्गात बोलावलं. मुलांनी विचारलं, 'गाडी किती जोरात पळायची?' आजोबा म्हणाले, "गुरुजी, थे गाडी पळत नोती, चालत होती." वर्ग हसला. मग एका मुलीने विचारलं, 'आजोबा, रूळ किती लांब-लांब होते?' आजोबांनी दोन काठ्या मागितल्या आणि आठवून आठवून त्या जमिनीवर समांतर मांडल्या. मुलांनी पट्टीने मोजलं, ८४ सेंटीमीटर भरलं. खरं अंतर ७६.२. इतक्या वर्षांनी जेमतेम ८ सेंटीमीटरचा फरक! मग शेजारीच खडूने ब्रॉडगेजची रुंदी आखली, १६७.६ सेंटीमीटर. दोन्ही एकमेकांशेजारी पाहिल्यावर मुलांना 'छोटी' आणि 'मोठी' या शब्दांचा अर्थ कळला. तो फळ्यावरच्या आकड्यांतून कळला नसता.

इथे नीट लक्ष द्या. नुसती आठवण म्हणते, 'किती छान गाडी होती!' ती आठवण दुसऱ्याला देता येत नाही. पण कुणी 'किती रुंद होती? किती डबे होते? बाकं लाकडाची होती का? दार कुठल्या बाजूला होतं?' असं विचारलं की आठवणीला हात-पाय फुटतात. आता ती मुलांच्या वहीत उतरते. आजोबांची गाडी नातवंडांची होते.

दूरदूरच्या लोकांनी काय केलं?

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे एका खोलीत छोटं शहर मांडलेलं आहे. रूळ, सिग्नल, पूल, दिवे, आणि त्यातून वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या धावतात. एका माणसाची हौस होती, पण आज महाराष्ट्रभरातल्या शाळांच्या सहली तिथे जातात.

आपल्याला जवळचं म्हणजे नागपूर. तिथल्या मोतीबाग भागात नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, ते २००२ साली सुरू झालं. तिथे प्रतिकृतींबरोबर खरी नॅरोगेज इंजिनं आणि डबेही पाहायला मिळतात, शिवाय मुलांसाठी बागेतली छोटी गाडी आहे. शाळेची सहल नागपूरला जाणार असेल तर हे ठिकाण यादीत जरूर घ्या.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात तर २००१ पासून जगातलं एक अतिशय मोठं छोट्या रेल्वेचं प्रदर्शन आहे. तिथल्या रुळांची एकूण लांबी १५ किलोमीटरपेक्षा जास्त आहे. पण तिथेही खऱ्या जगाची सगळी लांबी मावत नाही. कशी मावेल? नागपूर-नागभीड मार्ग शंभराहून अधिक किलोमीटरचा. १:८७ प्रमाणात केला तरी एक किलोमीटरहून जास्त जागा लागेल. एवढी खोली कुणाकडे आहे?

म्हणून या छंदात निवड करावी लागते. सगळं लहान करता येत नाही, तेव्हा काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवावं लागतं. समजा, आपण छोट्या रेलची प्रतिकृती करायची ठरवली. मग काय घ्याल? उमरेडच्या कोळशाच्या खाणी? भिवापूरच्या अंगणात वाळत घातलेली लालभडक मिरची? की नागभीड स्टेशन, जिथे छोटे आणि मोठे रूळ शेजारी शेजारी होते? माझ्या मते नागभीड घ्यावं. कारण एका फळीवर दोन्ही रूळ दिसले की आपल्या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास वेगळा सांगावाच लागत नाही. पण तुमचं मत वेगळं असू शकतं. वर्गात चर्चा घ्या. निवड करताना मुलं जे बोलतील, तोच खरा पाठ.

'सर, गाडीला स्टेअरिंग कुठे असतं?'

हा प्रश्न आमच्या वर्गातला. बसला स्टेअरिंग असतं, सायकलला हँडल असतं, मग आगगाडी वळते कशी? उत्तर चाकात आहे. रेल्वेचं चाक सपाट नसतं, ते थोडं उतरतं असतं. आतल्या बाजूला घेर मोठा, बाहेरच्या बाजूला लहान. आणि एका दांड्यावरची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. वळणावर जोडी एका बाजूला सरकली की बाहेरच्या रुळावर मोठा घेर येतो आणि आतल्या रुळावर लहान घेर. मोठ्या घेराचं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून गाडी आपोआप वळते. चाकाच्या आतल्या कडेला जी उभी किनार असते, ती रुळावरून उतरू नये म्हणून शेवटची राखण करते.

हे वर्गात करून पाहता येतं. खर्च शून्य.

१) चहाचे दोन सारखे कागदी कप घ्या. त्यांची तोंडं एकमेकांना चिकटवा. मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळतं असं रूप तयार होईल.
२) बांबूच्या दोन सरळ कामट्या थोड्या उतारावर समांतर ठेवा. हे झाले रूळ.
३) कपांची जोडी त्यावर सोडा. ती डगमगेल, पण पुन्हा मधे येत खाली जाईल.
४) आता दुसरे दोन कप बुडाला बूड लावून चिकटवा आणि तसंच सोडा. ही जोडी लगेच घसरून पडेल.

का पडली, ते मुलांना सांगू नका. त्यांना शोधू द्या.

काडेपेटीची गाडी, पण मापाची

परदेशी प्रतिकृती महाग असतात. एका इंजिनाच्या किमतीत आपल्या वर्गाची वर्षभराची स्टेशनरी येईल. पण प्रतिकृतीसाठी पैशापेक्षा पट्टी जास्त महत्त्वाची. आपण १:१०० हे प्रमाण घेऊ. यात १ मीटरचा होतो १ सेंटीमीटर. हिशेब तोंडी करता येतो.

- आपल्याकडचा नेहमीचा जुना निळा डबा साधारण २१ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद असतो. प्रतिकृतीत २१ सेंटीमीटर लांब आणि ३.२ सेंटीमीटर रुंद.
- काडेपेटी साधारण ५ सेंटीमीटर लांब आणि साडेतीन सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे चार काडेपेट्या एकापुढे एक ठेवल्या की एक डबा! उंचीसाठी वर आणखी चारचा थर द्या. आठ काडेपेट्यांत एक डबा तयार.
- ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर १.७ सेंटीमीटर, छोट्या रेलचं जेमतेम ०.८ सेंटीमीटर. बारीक कामट्या पुठ्ठ्यावर चिकटवा.
- दीड मीटर उंचीचा माणूस दीड सेंटीमीटरचा. काडीच्या तुकड्यातून करता येतो.
- वीस डब्यांची गाडी जोडली तर चार मीटरपेक्षा लांब होईल. वर्गात मावते का पाहा, नाहीतर व्हरांड्यात मांडा.

आता वेगाचा हिशेब. छोटी रेल ताशी ३६ किलोमीटरने जात होती असं धरू. म्हणजे सेकंदाला १० मीटर. प्रतिकृतीत सेकंदाला १० सेंटीमीटर. पट्टी ठेवून हाताने गाडी तेवढ्याच वेगाने सरकवून बघा. किती हळू! जत्रेतली गाडी सेकंदाला अर्धा मीटर पळाली तर या प्रमाणात तिचा वेग ताशी १८० किलोमीटर होतो. वंदे भारत गाडीही रोजच्या धावेत १६० च्या पुढे जात नाही. आजोबा 'चालत होती' म्हणाले ते का, हे मुलांना असं सरकवून पाहिल्यावर कळतं.

आणि शेवटचा हिशेब मैदानावर करायचा. वडसा ते गडचिरोली या नव्या रेल्वेमार्गाचं काम हाती घेतलेलं आहे. त्याची लांबी साधारण ५० किलोमीटर. १:१०० प्रमाणात ते होतात ५०० मीटर. शाळेच्या फाटकापासून पावलं मोजत चला आणि ५०० मीटर कुठे संपतात ते पाहा. एका टोकाला 'वडसा' आणि दुसऱ्या टोकाला 'गडचिरोली' अशी पाटी लावा.

घरी जाऊन विचारा

हा स्वाध्याय लिहून आणायचा आहे. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारा:

१) तुम्ही छोट्या रेलने कुठून कुठे गेला होता? कशासाठी?
२) डब्यात बाक कसे होते? खिडकीला गज होते का?
३) गाडीला साधारण किती डबे असायचे?
४) स्टेशनवर काय विकायला यायचं?
५) गाडीतून बाहेर काय काय दिसायचं? जंगल, नदी, शेत यांचा क्रम आठवतो का?
६) एखादं जुनं तिकीट, फोटो किंवा वस्तू जपून ठेवली आहे का?

उत्तरं त्यांच्याच बोलीत लिहा. 'टेशन' म्हणाले तर 'टेशन'च लिहा, दुरुस्त करू नका. लांबी-रुंदी सांगितली तर हातांनी दाखवायला सांगा आणि पट्टीने मोजून घ्या.

शिक्षक मित्रांनो, हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. सांगणारी माणसं थकत चालली आहेत. येत्या काळात गडचिरोलीत मोठी गाडी येईल, आपली मुलं तिच्यात बसून शिकायला, नोकरीला जातील, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्या मुलांच्या शाळेच्या कपाटात आठ काडेपेट्यांचा एक मोठा डबा असावा, आणि त्याच्याच शेजारी ८ मिलिमीटरच्या रुळांवर उभा असलेला, आजोबांना विचारून केलेला छोट्या रेलचा डबा असावा. एवढं तर आपण या सत्रात नक्की करू शकतो.

तुमच्या वर्गातली प्रतिकृती तयार झाली की त्याखाली एक पट्टी जरूर लावा. त्यावर प्रमाण लिहा, आणि ज्यांना विचारलं त्या आजी-आजोबांचं नावही लिहा.